मिसरीच्या डब्यातला कान

चुडावा, ३ जून २०२५

पप्पू,

जयभीम सगळ्यांनाच करते, म्हणून तुलाबी. आशीर्वादाचं मागून बघू.

तुझं पाकीट मी फोडलं. वर संघप्रियाचं नाव व्हतं, माझं न्हवतं. तिसरीतून शाळा सुटली असली तरी सख्ख्या नातीचं नाव वाचता येतं मला. पण पोस्टमन म्हणला, "गीताबाई, सही करा," आणि मी केली. जिची सही तिचं पाकीट.

आत काय निघालं, तर काळे किडे. दोन. एकेकाला आठ पाय. संगं कागदात गुंडाळलेले डाळीएवढे तपकिरी दाणे. चिठ्ठी न्हाई, ख्यालीखुशाली न्हाई. मला वाटलं पोरगं चाकणला जाऊन करणी शिकलं का काय. आपण दीक्षा घेतलेल्या घरातली माणसं, करणी मानत न्हाई. पण न मानणाऱ्याच्या घरी कुणी धाडलीच तर ती ठेवायची कुठं, हे कुणी सांगून ठेवलेलं न्हाई. मी ती पिठाच्या डब्यामागं सारली.

संध्याकाळी तुझी बहीण परभणीहून पॅसेंजरनं आली. हातपाय धुवायच्या आधी इचारती, "आजी, माझं काही आलंय का?"

"काय येणार व्हतं?"

"काही न्हाई."

काही न्हाई म्हणणारी पोरगी पिठाच्या डब्यामागं हात घालत न्हाई, पप्पू. तिनं पाकीट उचललं, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

तुला हे कागदावर लिहायले, कारण तू माझा फोन उचलत न्हाईस. नंबर बदललास का मला बंद केलंस, संघप्रिया सांगत न्हाई. कागदाचं बरं असतं. फाडायचा म्हणलं तरी हातात घ्यावा लागतो, आणि हातात घेतला की नजर जाते.

तवा ऐक. घरातल्या वस्तू नाहीशा व्हायल्यात. माझा मिसरीचा पत्र्याचा डबा गेला. मिसरी पिशवीत ओतलेली, डबा गायब. गोधडीचं दाभण गेलं. तुझ्या आज्याच्या रेडिओचं पोट फाडून आतला स्पीकर काढलाय. मी पोरीला धरलं.

"काय करायलीस गं?"

"प्रॅक्टिकल. आयटीआयचं."

"प्रॅक्टिकलला दाभण लागतं?"

"लागतं. आणि तू मिसरी सोड, डॉक्टर म्हणलेत."

"डब्याबिगर सुटत असती तर तुझ्या आज्याची दारू बाटल्या फोडून सुटली असती."

खोलीतून कधी टर्र, कधी चूं असा आवाज येतो. काल मी दाराला कान लावला तर आत गडी माणूस बातम्या सांगत व्हता. घरातल्या रेडिओचा तर तिनं मुडदा पाडलाय. मग हा बोलतो कोण? तुझी माय मनिषा म्हणती, "आत्या, तुमाला भिंतीचाबी शक येतो." येतो. भिंतीनं काय पुण्य केलंय?

मंडळाचं तुला कुणी कळवलं नसंल. बैठक झाली. माणिकराव अध्यक्ष म्हणून खुर्चीत, बाकी आमी सतरंजीवर. ठरलं असं, की आषाढी पौर्णिमेला विहारात ग्रंथवाचन बसतं, तोवर भोंग्याची पेटी, तो ॲम्प्लिफायर, चालू झाली तर ठीक, न्हाई तर विहाराच्या भिंतीला लागून तुझी जी दुरुस्तीची टपरी हाय ती योगीराजला द्यायची. त्याचं मोबाईलचं दुकान त्याला अपुरं पडायलंय म्हणं. माणिकराव बोलला, "पप्पूनं पेटीच्या दुरुस्तीत डुप्लिकेट माल घातला, जयंतीला समाजाची फजिती केली आणि पळाला. अशा पोराला समाजाच्या जागेत कशाला ठेवायचं?"

बोलायला माझ्याकडं व्हतं काय? जयंतीच्या सकाळी सगळे पांढरे कपडे घालून वंदनेला उभे राहिले आणि भोंगा मुका. माणिकराव म्हणला डुप्लिकेट, योगीराज म्हणला डुप्लिकेट, तवा मी चार माणसांत तुला इचारलं, "पप्पू, घातलास का?" तू माझ्याकडं बघितलंस. हो म्हणला न्हाईस, न्हाई म्हणला न्हाईस. घरी गेलास, पिशवी भरलीस आणि ठेशनावर जाऊन बसलास. तुझी माय आजून म्हणती, मी इचारायला नको व्हतं. का नको? तुझा आज्जा जित्ता असता तर त्यालाबी इचारलं असतं. इचारलं की माणसानं उत्तर द्यावं, गाडी पकडू नये.

तर आता दे. घातलास का? आणि हे किडे कशाचे?

गीताबाई
(तुझी आजी, इसरला नसशील तर)


चुडावा, १४ जून

पप्पू,

उत्तर न्हाई. बरं.

मी आतल्या खोलीची कडीच काढून टाकली. उलथन्यानं निघाली. संघप्रिया आली, दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हसली. मला राग यायच्या आधी म्हणली, "आजी, बस. तुला दाखवते. तुझ्यासारख्या संशयी माणसासाठीच हाय ही वस्तू."

माझा मिसरीचा डबा. त्याला भोकं पाडून आत तुझ्या आज्याच्या रेडिओचा स्पीकर, चौकोनी बॅटरी आणि त्या किड्यांतला एक किडा, ज्याला ती बारीक आवाज मोठा करणारा आयसी म्हणती, पाठीवर झोपवून, आठी पायांना तारा. दुसरा किडा राखीव, पहिला जळला तर. डब्यातून दोन वायरी बाहेर. एकीला दात असलेला चिमटा. दुसरीला रिकामं बॉलपेन, पेनाच्या तोंडातून माझं दाभण बाहेर डोकावायलंय.

"याला काय म्हणतात?"

"सिग्नल ट्रेसर."

"मराठीत सांग."

"कान समज. भोंग्याच्या पेटीत गाणं एका टोकानं शिरतं, बारीक असतं. आत मोठं होत होत दुसऱ्या टोकानं भोंग्यात जातं. मधी कुठं मेलं ते बाहेरून कळत न्हाई. म्हणून चिमटा पेटीच्या लोखंडाला लावायचा आणि ही सुई आत एकेका ठिकाणी टेकवत जायचं. जिथवर डब्यात गाणं वाजतं तिथवर पेटी बरी. जिथं बंद झालं, तिथं खोट."

"म्हंजे कुणावरच भरवसा ठेवायचा न्हाई? प्रत्येकाला इचारत जायचं?"

"प्रत्येकाला."

मला पहिल्यांदा वाटलं, ही शाळा बरी हाय.

ते डाळीएवढे दाणे कशाला, तर एक दाणा पेनात दाभणाच्या मागं बसवलाय. पेटीतली वीज तो आडवतो, गाणं तेवढं जाऊ देतो. न्हाई तर किडा जळून जाईल म्हणती. डबा पत्र्याचाच का, तर प्लास्टिकच्या डब्यात भुणभुण शिरती. आणि तो गडी माणूस कोण, तर सुई हवेतला रेडिओबी कधी कधी धरती. एवढं सगळं पटलं. एक पटलं न्हाई. पेटी चालू असताना सुई लावायची तर पोरगी डावा हात पाठीमागं धरून उभी राहती. मी मागं जाऊन बघितलं, हातात काय लपवलंय. काही न्हवतं. म्हणली, "दोन्ही हात आत घातले आणि शॉक बसला तर वीज छातीतून जाती. म्हणून एक हात बाहेर ठेवायचा, असं दादानंच शिकवलंय."

दादानंच. म्हंजे तिचा फोन उचलतोस.

पण डबा खरं बोलतो कशावरून? मी पूर्णेच्या बाजारात भाजी घेऊन जन्म काढला. तागडीवर शक आला की काय करायचं, ते बाजारातलं शेंबडं पोरबी सांगतं. माल या पारड्यातून त्या पारड्यात टाकायचा, वजनं इकडची तिकडं. तागडी खरी असली तर दोन्हीकडून सारखंच दाखवती. तर मी म्हणलं, या कानाची पारडी बदलून बघू, मला ठाऊक असलेली खोट त्याला शोधायला लावू.

तुझा जुना होम थेटर पलंगाखाली हाय ना. संघप्रिया पाणी भरायला गेली तवा मी त्याचं झाकण उचललं, आवाज कमी-जास्त करायच्या बटणाच्या मागची एक वायर सांडशीनं ओढून काढली आणि झाकण बसवून चहा करत बसले. ती आली.

"तुझा डबा म्हणतो ना खोट सापडवतो, सापडव."

तिनं मोबाईलचं गाणं आत सोडलं. चिमटा लावला. सुई टेकवली, डब्यात गाणं. पुढं टेकवली, गाणं. बटणाच्या एका पायावर गाणं, पुढच्या ठिकाणी काहीच न्हाई. ती थांबली, वाकून बघितलं आणि मान न उचलता म्हणली, "आजी, ही वायर जळली न्हाई, तुटलीबी न्हाई. कुणीतरी उपटलीया. चहात साखर घाल, आणि सांडशी का लपवायलीस?"

सांडशी लपवत न्हवते. पण डबा खरा हाय.

आता ती म्हणती, विहाराची पेटी अशीच तपासायची. आणि मी म्हणते, तपासून तुझ्या भावाचंच नाव निघालं तर? ती म्हणली, निघू दे. मला वाटतं तिला वाटतंय निघणार न्हाई. तुला काय वाटतं ते तू लिहीत न्हाईस.

गीताबाई


चुडावा, २८ जून

पप्पू,

हे नीट वाच, कारण दोनदा लिहिणार न्हाई.

पेटी आश्रुबाच्या ताब्यात असती, विहारातल्या कपाटात. चावी त्याच्या करगोट्याला. माझा दीर असून म्हणला, "वैनी, माणिकरावाला इचारल्याशिवाय न्हाई." माणिकराव म्हणला, "पोरीच्या हातात पेटी द्यायची? आधी भावानं मारली, आता बहीण जाळंल." मी म्हणलं, "तुमच्या समोर करती. योगीराजलाबी बोलवा. म्हंजे मागून कुणी म्हणायला नको की घरी नेऊन माल बदलला." माझं म्हणणं दोघांनाबी खोडता आलं न्हाई. मला योगीराज जवळ हवाच व्हता. टपरी त्याला मिळणार, मग पेटी बिघडवायची गरज सगळ्यात जास्ती कुणाला? मी त्याच्या हातावरच नजर ठेवून बसले.

विहारात पेटी जमिनीवर. वरचं झाकण काढलं. भोंग्याच्या तारा मागच्या पट्टीला, जशा जयंतीला बांधल्या तशाच. संघप्रियानं मोबाईलचं गाणं सोडलं, चिमटा पेटीच्या मागच्या पत्र्याला लावला आणि पहिल्याच ठिकाणी सुई टेकवली.

भूंऽऽ.

दुसरीकडं टेकवली. भूंऽऽ. गाणं कुठंच न्हाई.

योगीराज हसला. "आजी, तुमच्या डब्यात मिसरी ठेवलेलीच बरी व्हती."

माझं डोकं फिरलं. घरी खरं बोलणारा डबा चार माणसांत खोटं बोलायला लागला, तुझ्यासारखा. पण पोरगी हलली न्हाई. पहिल्याच पायरीला गाणं न्हाई म्हंजे पेटी न्हाई, डबाच काहीतरी धरत न्हाई, असं पुटपुटली आणि चिमटा काढून त्याचे दात बघितले. दातांत निळा रंग.

"चिमटा रंगावर बसलाय. खालचं लोखंड त्याला लागलंच न्हाई."

तिनं चिमटा आतल्या कोऱ्या पत्र्याला लावला आणि सुई टेकवली. गाणं! इतकं खणखणीत की आश्रुबानं टोपी काढली. मग ती एक हात पाठीमागं घेऊन चालली पुढं पुढं. आवाजाच्या बटणावर गाणं. तिथून पुढं गाणं. तू बदललेले ते मोठे काळे तुकडे, ते ट्रान्झिस्टर, हायत ना, पंख्यासारख्या पत्र्यावर बसवलेले, तिथं आली तवा माणिकराव पुढं सरकला. मीबी सरकले. तिथंबी गाणं. जाड लोखंडी ट्रान्सफॉर्मरवर गाणं. मागच्या पट्टीच्या आतल्या बाजूला गाणं. मग तिनं हात बाहेरून घेतला आणि त्याच पट्टीच्या बाहेरच्या स्क्रूखाली, जिथं भोंग्याची तार दाबलीया, त्या तारेवर सुई टेकवली.

काहीच न्हाई.

आत गाणं, बाहेर मुकं, मधी एक स्क्रू. मी वाकून बघितलं. पट्टी निळी, स्क्रू निळा, स्क्रूखालची चकती निळी. विहारात निळा रंग कुणाच्या डोळ्याला खटकत न्हाई, पप्पू. दार निळं, खांब निळे, टाकी निळी. आमी सगळे रोज तिथं बसतो, आणि पेटीची पाठ निळी झालीया हे एकालाबी दिसलं न्हाई.

"इथं रंग कुणी लावला?"

मग आश्रुबा टोपी हातात फिरवत म्हणला, "वैनी, जयंतीच्या आदल्या दिवशी उरला व्हता. डबा वाळून गेला असता. म्हणलं पेटीबी जरा साजरी दिसू दे."

"साजरी दिसली. बोलली न्हाई."

"मी पाठीमागूनच लावला. पुढची बाजू सोडली."

पुढची सोडली! ऑइल पेंटचे दोन हात त्यानं त्या पट्टीवर दिले आणि सकाळी माणिकरावाच्या पोरांनी त्याच वाळल्या रंगावर तारा गुंडाळल्या. संघप्रियानं स्क्रू काढले, चाकूनं खरवडले, तारा परत बांधल्या. भोंगा असा वाजला की ठेशनावरचा चहावाला बघायला आला.

आता तू म्हणशील झालं, सुटलो. बस खाली. 

माणिकरावानं गाणं बंद करायला लावलं आणि म्हणला, "आवाज आला म्हंजे माल असली असं कुठं ठरलं? रंगाचं रंगाजवळ. मी मालाचं बोललो व्हतो." योगीराजनं मोबाईलची बत्ती लावली आणि ते मोठे तुकडे दाखवले. कंपनीच्या तुकड्यावर अक्षरं कोरलेली असतात, बोट फिरवलं तरी जात न्हाईत. यावरची त्यानं अंगठ्यानं पुसली आणि गेली. मी संघप्रियाच्या तोंडाकडं बघितलं. ती म्हणली, "हो आजी. हा कंपनीचा न्हाई."

डबा आवाज कुठवर येतो ते सांगतो. माणूस खरा का खोटा ते त्याला सांगता येत न्हाई.

माणिकराव म्हणला पौर्णिमेला चावी योगीराजला. मी उठून घरी आले. वाटेत तुझी बहीण रडली. मी न्हाई.

गीताबाई


चुडावा, १ जुलै

तर घातलासच तू. मग त्या दिवशी तोंड कुठं गेलं व्हतं? "हो, घातला" म्हणायला काय चाकणहून इंजिन आणायचं व्हतं? चोरी केलेला माणूसबी चोरी केली म्हणतो, मार खातो आणि मोकळा होतो. तू तर गाडीत बसलास.

टपरी जाईल तर जाईल. चोराची टपरी मी मागत बसणार न्हाई.


चुडावा, ६ जुलै

पप्पू,

काल तू संघप्रियाला फोन केलास. तिनं फोन पालथा घालून उशीवर ठेवला व्हता, स्पीकर चालू करून, आणि मी पलंगाच्या पायथ्याशी बसून शेंगा सोलत व्हते. तिनं तुला सांगितलं न्हाई. मला खोकला आला तवा तू कट केलास. पण तवर मी सगळं ऐकलं, आणि आता मुद्दाम तुझ्याच शब्दांत लिहायले, म्हंजे मागून म्हणू नको की म्हातारीनं मनानं जोडलं.

तिनं इचारलं, "दादा, माल लोकल घातलास?"

तू म्हणलास, "घातला. कंपनीचा परभणीत मिळंना. नांदेडहून यायला आठवडा लागला असता, जयंती तोंडावर. मी माणिककाकाला तुकडा हातात देऊन दाखवला. काका, हा लोकल हाय, काम भागंल, मागून बदलू. तो म्हणला, घाल, कुणाला कळतंय, मी पोरांना कंपनीचा म्हणून सांगितलंय."

"मग तवा बोलला का न्हाईस?"

"काका समोर उभा व्हता, निळा फेटा बांधून. मला वाटलं तोच म्हणंल की मला इचारून घातलाय. मी त्याच्या तोंडाकडं बघत थांबलो. तेवढ्यात आजीनं इचारलं. काय सांगू? हो म्हणलो तर चोर. काकाचं नाव घेतलं तर चुगलखोर. आजीलाच जिथं वाटलं..."

इथं मला खोकला आला.

तर ऐक. पहिलं म्हंजे आजीला काही वाटलं न्हवतं. आजीनं इचारलं. ज्याला वाटून चुकलंय तो कशाला इचारील? तो माणिकरावासारखा सांगत सुटतो. मला खरंच वाटलं असतं की तू चोर हायस, तर मी गप घरी जाऊन भाकरी थापल्या असत्या.

दुसरं, तोंड बंद ठेवून माणूस मानी होत न्हाई, नुसता मुका होतो.

आणि तिसरं. हे जे तू सांगितलंस ते खरं कशावरून? फोनवर खोटं बोलायला तिकीट लागत न्हाई. तुझी माय म्हणती, लेकराच्या आवाजावरून कळतं. मला कळत न्हाई. तुझा आज्जा लय गोड आवाजात खोटं बोलायचा. संघप्रिया म्हणती, "आजी, तू कशावर इश्वास ठेवशील?" मी म्हणलं, जिथवर गाणं आलं तिथवर बघितलं. आता पुढच्या ठिकाणी सुई टेकवायची राहिलीया. ते ठिकाण माणिकराव हाय.

तुझी माय म्हणली आत्ताच जाऊन त्याला सांगा, पप्पू असं असं म्हणला. मी न्हाई म्हणलं. आधी सांगितलं की माणूस उत्तर घडवून ठेवतो. त्याला काहीच कळू द्यायचं न्हाई.

गीताबाई


चुडावा, ११ जुलै

पप्पू,

काल पौर्णिमा झाली.

विहार भरलं व्हतं. बाया आत, गडी ओट्यावर, पोरं टाकीवर. पेटीजवळ संघप्रिया बसली, कारण स्क्रू कुठला आणि बटण कुठलं हे आता तिच्याशिवाय कुणाला धड कळत न्हाई. वंदना झाली. भोंग्यातून असं निघायलं की शब्दन् शब्द वेगळा. आश्रुबा हात जोडून खांबाला टेकला व्हता. त्याला मी बजावलंय, इथून पुढं ब्रश हातात घेतलास तर हात खरवडीन.

वाचनाच्या आधी माणिकराव माइकजवळ आला. मंडळाच्या प्रयत्नानं भोंगा सुरू झाला म्हणला. कुणाचं नाव घेतलं न्हाई. मग म्हणला, "टपरीचा विषय मागच्या बैठकीत झालेला हाय. योगीराज, पुढं या."

मी उठले. गुडघा वाजला, तोबी माइकनं धरला असंल.

"मला एक इचारायचं हाय."

"काकू, वाचन झाल्यावर."

"वाचन झाल्यावर चावी गेलेली असंल. एकच हाय. माणिकराव, पप्पूनं तो माल तुमाला दाखवून घातला का लपवून?"

बघ, पप्पू. मी तुझं नाव घेऊन काही सांगितलं न्हाई. फोनचं बोलले न्हाई. दोन दारं उघडी ठेवली, त्याला जिथून जायचं तिथून जाऊ दे.

तो माइकपासून मागं सरला. "हा विषय इथं नको, काकू."

"जयंतीला इथंच व्हता. हीच जागा, हीच माणसं."

"बैठकीत बोलू."

"बैठकीत पोरगं न्हवतं. आणि इथंबी न्हाई. तुमी तर हायत." मी माइकचा दांडा उचलला. जड असतो, मला वाटलं न्हवतं. त्याच्या तोंडापुढं ठेवला. "इकडं बोला. मागच्या बायांना ऐकू यायला पाहिजे."

संघप्रियानं बटणाला हात लावला न्हाई. मी बघितलं, कारण मला तिचाबी शक व्हता, की दादाच्या नादात आवाज वाढवील. न लावताच पुरलं. माणिकरावानं नाकानं घेतलेला श्वास भोंग्यातून रेल्वे पटरीपर्यंत गेला. पोरं टाकीवरून खाली उतरली.

त्याचा धाकटा भाऊ पुढच्या रांगेत बसला व्हता. तो म्हणला, "दादा, सांग ना. दाखवला न्हाई म्हण आणि मोकळा हो."

ते ऐकून माणिकराव भावाकडं बघत राहिला. त्याला वाटलं असंल, आता न्हाई म्हणायचं तर भोंग्यातून म्हणावं लागणार. खोटं कानात बोलणं सोपं असतं, गावभर बोलणं जड जातं.

"दाखवला व्हता," तो म्हणला.

"मग तुमी काय म्हणलात?"

"जयंती तोंडावर व्हती. घाल म्हणलो."

"आणि समाजाला काय सांगितलंत?"

"कंपनीचा म्हणून." मग लय बारीक आवाजात, पण माइकसमोर बारीक असं काही राहत न्हाई, तो म्हणला, "त्या दिवशी भोंगा बंद पडला तवा मला वाटलं, तो मालच गेला. लोक माझ्याकडं बघायले. मी पोरावर ढकललं."

मी दांडा खाली ठेवला. खोटं कशाला सांगू, तो न्हाई म्हणला असता तर मी आज तुझ्याकडंच शकानं बघितलं असतं. आता बघत न्हाई. एवढ्या गोष्टीपुरतं बघत न्हाई.

माणिकराव अध्यक्षाच्या खुर्चीत परत बसला न्हाई, सतरंजीवर बसला. काढलं कुणी न्हाई त्याला, त्याचं तोच बसला. वाचन सुरू झालं, पहिलं पान तुझ्या मायनं वाचलं. वाचन संपल्यावर त्यानं येऊन मला म्हणलं, "काकू, पप्पूला फोन करून मी स्वतः माफी मागतो." मी म्हणलं, "माझा उचलत न्हाई तो. तुमचा उचलला तर मला कळवा, कसा उचलायला लावला ते."

तर नाव तुझं मोकळं झालं. चुडाव्यातल्या सगळ्या घरांनी ऐकलं, ज्यांनी कान झाकले त्यांनीबी. तुला यायचं तर ये, राहायचं तर तिथं राहा. चाकणची नोकरी कशी हाय, जेवण कुठं करतोस, हे मी इचारत न्हाई. तू सांगणार न्हाईस.

माइकजवळ ठेवलेली टपरीची चावी योगीराजनं आपणहून उचलून माझ्या हातात दिली. मी ती संघप्रियाला दिली. आज आयटीआयला सुट्टी, सकाळी तिनं झाडून टपरी उघडली आणि दुपारपर्यंत पिंगळीहून एकाचा ॲम्प्लिफायर आला, आणि योगीराजनंबी एक मुका स्पीकर आणून ठेवला. सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी बसणार म्हणती. तुझी खुर्ची तिनं बुटकी करून घेतली, तिचे पाय जमिनीला पोचत न्हवते.

टपरीत जागा एकाच खुर्चीची हाय, तुला ठाऊकच हाय. आलास तर आधी तिला इचार, मग बस.

गीताबाई